आवळीखालचा दगड

ती रविवारची सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, उसाच्या फडात पुरलेला मुद्देमाल उकरून काढला. पण कुणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा की," की मला आधी आठवतो तो एक दगड. चुन्याने रंगवलेला, खाली गेरूचा पट्टा असलेला. या प्रकरणात सराईत असा एकही माणूस नव्हता, सगळी भल्या घरची माणसं होती, आणि तरीही एक बाई मरता मरता वाचली. नावं कुणाचीच सांगणार नाही. सगळे हयात आहेत आणि मला रोज भेटतात.

मी मूळचा कुंडलकडचा, म्हणजे सांगली जिल्ह्यातला. शेवटची नेमणूक साताऱ्यात निरीक्षक म्हणून झाली. शहराला खेटून डोंगर आहे. त्याच्या उतारावर आणि मागच्या पठारावर मोठं वनउद्यान राखलेलं आहे. वस्तीतला शेवटचा रस्ता संपतो तिथेच त्याचं गेट. उजाडायच्या सुमारास तिथे माणसांची रांग लागते. डॉक्टर, वकील, पेढीवर बसून पोट सुटलेले व्यापारी, सासू-सुना, आणि फौजेतून परत आलेली तर ढिगाने. रात्रीची गस्त आटोपून मी घरी निघायचो, तेव्हा ही मंडळी घाम पुसत, हसत-खिदळत डोंगर उतरत असायची. मला त्यांचा मनापासून हेवा वाटायचा. आपण चोरांच्या मागे धावून गुडघे झिजवायचे आणि यांनी हौसेने डोंगर चढायचा.

या डोंगरावर एका माणसाचं राज्य होतं. औंधकडचे, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्यात घर बांधून राहिलेले. सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. लोक डोंगर चढायला लागले ते त्यांच्यामुळे. आधी रानात नुसत्या गुरांच्या वाटा होत्या, माणूस हमखास चुकायचा. सुभेदारांनी एकेक वाट पायाखाली घातली आणि जिथे फाटा फुटतो तिथे दगड मांडले. दगडाला चुना, खाली गेरूचा पट्टा आणि मध्ये वर जाणारा बाण. छावणीतल्या रस्त्याकडेला असतात अगदी तसे. नियम सोपा होता. ज्या वाटेच्या तोंडाशी दगड, ती वाट धरायची. दगड नाही तिकडे जायचं नाही. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते बादली आणि कुंचा घेऊन जात आणि सगळे दगड नव्याने रंगवत. त्यांच्या मागे लोक एका रांगेत चालत. बोलायचं नाही, रेंगाळायचं नाही, मध्ये पाणी प्यायचं नाही. तरी लोक जायचे, कारण दुसरं कुणी नव्हतं.

मग सांगलीकर आले. सांगलीहून आलेले म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलगी साताऱ्यात दिली म्हणून इथे राहायला आलेले. हे सुभेदारांच्या अगदी उलट. पाठीवरच्या पिशवीत भडंगाचा डबा, तोंडात जुनी गाणी, झाड दिसलं की थांबायचे आणि त्याची माहिती सांगायचे. कुणी दमलं तर त्याच्याबरोबर बसायचे. बघता बघता सुभेदारांची माणसं एकेक करून त्यांच्याकडे गेली. कुणी गुडघ्याचं निमित्त सांगितलं, कुणी वेळेचं. शेवटी सुभेदारांच्या मागे मूठभर माणसं राहिली.

आमची मंडळी, म्हणजे माझी बायकोही, सांगलीकरांच्याच गटात होती. रोज सकाळी माझ्यासमोर पोह्यांची बशी आणि त्याबरोबर सांगलीकरांचं कौतुक. सांगलीकरांनी आज बहावा दाखवला. सांगलीकरांना किती माहिती असते. सांगलीकर घरी भाजी चिरून देतात म्हणे. मी एकदा म्हणालो, "मग त्यांनाच विचार, पोह्यात मीठ का कमी आहे ते." ती हसली, पण मी काही गंमत केलेली नव्हती. हा मत्सर म्हणजे काय चीज आहे, हे मला पोलीस खात्यात शिकावं लागलं नाही. तो मी घरी रोज सकाळी खात होतो.

त्या रविवारी सांगलीकरांनी पहिल्यांदाच लांबचा बेत ठरवला होता. खालच्या गेटने चढायचं, पठार ओलांडायचं आणि मागच्या अंगाने उतरायचं. आमची मंडळी इस्लामपूरला माहेरच्या लग्नाला गेली होती, नाहीतर तीही त्यात असती. मी ठाण्यात पोचलो आणि खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच ठाणे अंमलदार आत आला. वनउद्यानात एक बाई घळीत पडली होती. आम्ही पोचेपर्यंत गटातल्या लोकांनी तिला चादरीच्या झोळीतून वर आणलं होतं. डोक्याला मार, मांडीचं हाड मोडलेलं, शुद्ध नाही. सांगलीकरांच्या सदऱ्याला रक्त लागलं होतं आणि ते झोळीचं टोक सोडायला तयार नव्हते. मी विचारलं, बाई कोण. कुणीतरी हळूच म्हणालं, "साहेब, सुभेदारांच्या घरच्या."

सुभेदार त्या वेळी आपली मूठभर माणसं घेऊन वरच्या गेटकडून फिरत होते. निरोप मिळाला तसे ते बुटांच्या चिखलासह रुग्णालयात आले. बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "ही हितं कशी? ही देवीच्या देवळात गेलीया." नवरा घाबरलेला असतो, रडतो, डॉक्टरवर ओरडतो, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. हा माणूस नुसता तेच तेच विचारत राहिला. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, बरेच दिवस सांगलीकरांच्या गटात होत्या आणि नवऱ्याला हे माहीत नव्हतं. त्यात एकाने नको ते सांगून टाकलं. घळीकडच्या फाट्याशी पुढे दोघंच होते, काकू आणि सांगलीकर. बाकीचे मागे फोटो काढत रेंगाळले होते. ते ऐकल्यावर सुभेदारांचा चेहरा बदलला.

त्याच संध्याकाळी ते ठाण्यात आले आणि सांगलीकरांविरुद्ध फिर्याद दिली. रानाची माहिती नसताना बायामाणसांना धोक्याच्या वाटेने नेलं, निष्काळजीपणा केला. फिर्याद सांगताना ते एका शब्दालाही अडखळले नाहीत. मी गुन्हा नोंदवून घेतला. काकू शुद्धीवर आल्या नाहीत आणि काही वाईट घडलं, तर कलम वाढणार होतं आणि सांगलीकरांची रवानगी कोठडीत होणार होती. गावात बोलणंही तसंच सुरू झालं. काल ज्याच्या डब्यातलं भडंग खाल्लं, त्याच्यापासून लोक आज लांब उभे राहू लागले.

सांगलीकरांचा जबाब मी स्वतः घेतला. त्यांनी स्वतःच्या बचावाचं काहीच सांगितलं नाही. बाणाचा दगड होता, त्या वाटेने गेलो. कडेची माती पावसाने भुसभुशीत झाली होती, ती खचली. "पुढारपण मी करत होतो, तेव्हा चूक माझीच," असं म्हणून त्यांनी सही केली. मी खोदून विचारलं, फाट्यावर नेमकं काय झालं, काही बोलणं झालं का. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "त्यात काही सांगण्यासारखं नाही, साहेब." माझ्या अनुभवात असं बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो. आणि मनातल्या मनात मला बरंही वाटलं. म्हटलं, चला, हाही शेवटी तुमच्या-आमच्यासारखाच निघाला.

आमच्या फौजदाराने जागेचा पंचनामा केला होता. त्यात घळीच्या वाटेच्या तोंडाशी बाणाचा पांढरा दगड असल्याची नोंद होती. म्हणून मी सुभेदारांना विचारलं की तुम्हीच ही वाट दाखवली आहे, मग ती धोक्याची कशी. ते म्हणाले, "वाट वंगाळ न्हाई साहेब. चालवणारा वंगाळ असला की काय करायचं?" उत्तर चोख होतं. मी ते तिथेच सोडून दिलं.

दोन-तीन दिवसांनी एक गृहस्थ ठाण्यात आले. सुभेदारांच्या उरलेल्या मूठभर माणसांपैकी एक. आधी त्यांनी शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार सांगितली, मग पावसाबद्दल बोलले, मग चहा प्याले. ठाण्याची पायरी चढून ज्याला खरं काही सांगायचं असतं, तो आधी कुत्र्याबद्दलच बोलतो. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत न्हाई साहेब. पण त्यो दगड तिथला न्हवं. त्यो आवळीखालचा दगड हाय. वरच्या वाटंचा."

मी विचारलं, हे तुम्ही सुभेदारांनाच का नाही सांगितलं. तर म्हणाले, "त्यांना कोण सांगणार? आमी इतकी वर्सं त्यांच्या मागं चाललो, कवा एकदा पुढं चालू दिलं न्हाई." यांनाही पुढे चालायचं होतं तर. ठाण्यात येणाऱ्या खबरींपैकी निम्म्या तरी अशाच येतात, न्यायाची चाड म्हणून नव्हे, कुणाचं तरी बरं चाललेलं बघवत नाही म्हणून. पण खबर खरी असेल तर ती कशापोटी आली हे आम्ही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन मी डोंगर चढलो. फाट्यावर दोन वाटा फुटतात. डावी पठारावर जाते, तिच्या तोंडाशी एक जुनी आवळी आहे. उजवी खाली घळीच्या कडेने जाते आणि पुढे बंद होते. दगड उजव्या वाटेवर होता. हवालदार म्हणाला, एखाद्या टवाळाने गंमत म्हणून सरकवला असेल. मलाही तसंच वाटत होतं. मग मी आवळीखाली गेलो. इतका वजनदार दगड वर्षानुवर्षं एका जागी बसला, की खाली खड्डा पडतो. तो दगड काढला तर खड्डा दिसायला हवा.

खड्डा नव्हता. नीट वाकून बघितलं तेव्हा कळलं की खड्डा होता, पण बुजवला होता. माती भरून, पायाने चोपून, वर बारीक खडी पसरून जागा सपाट केली होती. आणि वाटेच्या कडेला ओळीत मांडलेले लहान दगड होते, त्यातले हललेले पुन्हा सरळ रेषेत बसवले होते. हवालदाराला त्यात काही वाटलं नाही. मला मात्र ती सफाई ओळखीची वाटली. माझा थोरला भाऊ फौजेत होता. सुट्टीवर आला की अंगणातली खाट उचलल्यावर खाली पडलेले खुरांचे खळगेसुद्धा तो बुजवायचा. टवाळ पोरं दगड ढकलून हसत निघून जातात. दगड चोरून हलवायचा आणि मागची जागा साफसूफ करून ठेवायची, हे काम या डोंगरावर एकच माणूस करू शकत होता.

फिर्यादीवरच संशय घ्यायचा, तोही ज्याची बायको रुग्णालयात पडली आहे त्याच्यावर, हे सोपं नसतं. वरिष्ठांच्या कानावर घातलं तर ते म्हणणार, सपाट मातीचा काय पुरावा घेऊन बसलात. म्हणून मी सुभेदारांना ठाण्यात बोलावलं नाही. पंचनाम्यात वाटेची माहिती हवी आहे, असं सांगून त्यांना डोंगरावरच घेऊन गेलो. ते पुढे, मी मागे. चाल अजून तीच होती, ताठ. रुग्णालयात ते बाकावर रात्रंदिवस बसून होते, जेवत नव्हते, हे मला माहीत होतं.

आवळीशी मी थांबलो. दगडाचं नाव काढलं नाही, संशयाचं काढलं नाही. फक्त त्या सपाट जागेकडे बोट करून सहज विचारल्यासारखं म्हणालो, "सुभेदार, एवढा खड्डा बुजवायचं काय कारण होतं?"

त्यांच्या तोंडून उत्तर असं आलं, जसं पलटणीत हवालदाराने नाव पुकारल्यावर हजेरी यावी.

"उघडा खड्डा ठेवत न्हाईत साहेब. कुणाचा तरी पाय मुरगाळंल."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. ते तिथेच वाटेवर बसले. या माणसाला असं जमिनीवर बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. लोकांच्या पायाची काळजी म्हणून खड्डा बुजवला, आणि त्याच लोकांना घळीच्या वाटेला लावलं. एकाच संध्याकाळी, त्याच हातांनी. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला अनेक कबुलीजबाब मिळाले, पण असा मिळाला नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगलीकरांचा बेत त्यांच्या कानावर आला होता, आणि शनिवारी दिवस मावळायच्या आत ते पहार घेऊन एकटेच वर आले होते. कुणाला इजा करायची नव्हती. ती वाट पुढे बंद होते. लोक रानात फिरून फिरून दमतील, सांगलीकरांना शिव्या देतील आणि म्हणतील की सुभेदार असता तर असं झालं नसतं, एवढंच त्यांना हवं होतं. "ही वाट मी काढली साहेब. काट्यात हात घालून काढली. त्यो आला आन भडंग वाटून सगळी माणसं घेऊन गेला. मला झोप लागत न्हवती." मग म्हणाले, "ही त्यात असंल, हे मला ठावं न्हवतं. आन ठावं झालं तवा वाटलं, हिलाबी त्यानं नेली." म्हणून ती फिर्याद. मी विचारलं की काकूंना तुम्ही कधी बरोबर का नेलं नाही. ते म्हणाले की बायामाणसांनी चाल मंदावते.

सुभेदारांचा जबाब नोंदवला, नवा पंचनामा केला. फिर्यादीचा आरोपी झाला. माझं पोलिसी काम खरं म्हणजे तिथे संपलं होतं, पण काकूंचा जबाब बाकी होता. त्याच आठवड्यात त्या शुद्धीवर आल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली, तसा मी महिला शिपायाला घेऊन गेलो. सुभेदारांना मी पडद्याबाहेर थांबायला सांगितलं.

काकूंचा आवाज बारीक होता, पण डोकं साफ होतं. मी म्हणालो, घाबरू नका, सांगलीकरांनी तुम्हाला त्या वाटेने कसं नेलं तेवढं सांगा. त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं.

"त्यांनी कुटं नेलं? ते तर नगं म्हणत हुते. मोबाईलवर नकाशा बघून म्हणाले, काकू, वाट डावीकडं दिसतीया, जरा थांबा. मीच म्हटलं, ह्यो आमच्या ह्यांनी रंगवलेला दगड हाय. ह्यो चुकायचा न्हाई. आन मीच पुढं झाले."

काकू बोलत राहिल्या. नवऱ्याच्या नकळत त्या का जात होत्या, तेही मी न विचारताच त्यांनी सांगितलं. "नोकरीत हुते तवा पलटण माझी सवत. घरी आले, तर हा डोंगर सवत झाला. उठलं की डोंगर, जेवताना डोंगर. म्हटलं, एवढं काय हाय त्यात, बघून तर येऊ. हितं येऊन बघितलं तर पावला-पावलाला ह्यांचे दगड. लय बरं वाटलं बगा. लोकं म्हणायची, कुणी केलं एवढं, आन मी गप ऱ्हायचे."

सांगलीकरांनी लपवलेली गोष्ट हीच होती, की त्या वाटेला काकूच पुढे झाल्या. जखमी बाईच्या माथी त्यांना काही मारायचं नव्हतं, मग स्वतः कोठडीत जावं लागलं तरी चालेल. खरं सांगतो, मला तेव्हाही त्यांचा राग आला. माणूस खरोखरच चांगला होता. घरी जाऊन हे सांगावं लागणार होतं.

मी बाहेर आलो. सुभेदार भिंतीला हात लावून उभे होते. मी काही म्हणायच्या आत ते आत गेले. पडदा अर्धवट होता, मला दिसत होतं आणि मी बघायला नको होतं. ते पलंगाशी सावधानमध्ये उभे राहिले आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं, एकही गोष्ट न गाळता. काकूंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, त्यांना पुन्हा शुद्ध राहिली नाही. सुभेदार तसेच उभे. काकूंनी डोळे न उघडताच विचारलं, "दगड जागेवर ठिवला का?"

 सुभेदारांनी मान हलवून नाही म्हणून सांगितलं.

"मग हितं काय करतायसा? जावा की. उद्या कोण तरी जाईल तिकडं."

दगड मुद्देमाल होता, तो परस्पर हलवता येत नाही. पण त्या दिवशी मी पंच बोलावले, रीतसर कागद केले, आणि दिवस मावळायच्या आत तो दगड आवळीखाली गेला. पहारीचं एक टोक सुभेदारांनी धरलं होतं. दुसरं टोक धरायला सांगलीकर आपणहून आले होते. पुढे सांगलीकरांवरचा गुन्हा रद्द झाला. सुभेदारांवरचा खटला कोर्टात उभा राहिला, तेव्हा काकू काठी टेकत आल्या आणि आपली तक्रार नसल्याचं सांगून गेल्या, आणि प्रकरण तिथेच मिटलं. काठी त्यांच्या हातात कायमची राहिली.

या केसने मला काय शिकवलं? खात्यात नव्या पोरांना मी सांगायचो की गुन्ह्यामागे पैसा शोधा, बाई शोधा, जमीन शोधा. त्यानंतर सांगायला लागलो की आधी बघा, कुणाला कुणाचं बरं चाललेलं खुपतंय. बांधावरच्या मारामाऱ्या, भावकीतल्या केसेस, ठाण्यातल्या निनावी चिठ्ठ्या, निम्मं पोलीस खातं त्यावरच चालतं. हेवा वाटणं माणसाच्या हातात नाही, तो मलाही वाटतो. पण हेवा करणारा माणूस एकाच माणसाकडे टक लावून बसतो आणि बाकीचे त्याला दिसेनासे होतात. सुभेदारांना सांगलीकरांच्या मागे चालणारी सगळी माणसं मोजता येत होती. त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं एक माणूस त्यातच चालत होतं, तेवढं दिसलं नाही.

निवृत्तीनंतर मी साताऱ्यातच राहिलो. सकाळी मंडळीबरोबर डोंगरावर जातो, आणि हो, सांगलीकरांच्याच गटात. भडंग चांगलं असतं. फाट्याशी बहुतेक वेळा सुभेदार आणि काकू भेटतात. काकू काठी टेकत पुढे असतात, त्यांच्या चालीने. सुभेदार मागे. आवळीखाली दगड आहे तिथे आल्या की काकू डाव्या वाटेला वळतात. दगडाकडे त्या आता बघत नाहीत. वळायच्या आधी क्षणभर थांबतात आणि काठीने पुढची जमीन चाचपून बघतात.